डायपर आणि पॅडचा गाभा: किती शोषतो, याच्या पलीकडे

एखादा नवा डायपर उभा चिरून त्यातला भुगा वर्तमानपत्रावर झटकला, की मऊ पांढऱ्या तंतूंबरोबर बारीक, खरखरीत दाणे खाली पडतात. चमचाभर दाण्यांवर पेलाभर पाणी ओतले तर पाहता पाहता त्यांचा पारदर्शक, थलथलीत गोळा होतो आणि पेला उलटा केला तरी पाणी सांडत नाही. हे दाणे सोडियम पॉलिअॅक्रिलेटचे. धंद्यात त्यांना सुपरअॅब्सॉर्बंट पॉलिमर किंवा नुसते 'सॅप' म्हणतात. तंतू आहेत लाकडाच्या लगद्याचे, म्हणजे फ्लफ पल्पचे. दोन्ही मिळून होतो तो गाभा, कारखान्याच्या भाषेत 'कोअर'. वरची टॉपशीट, खालची बॅकशीट, मांडीजवळच्या झालरी, चिकटपट्ट्या हे सगळे या गाभ्याच्या मदतीला असते.

जाहिराती एकच गोष्ट सांगतात: किती शोषतो. गाभा बनवणाऱ्यांपुढचा प्रश्न मात्र त्याहून गुंतागुंतीचा आहे. आलेला द्रव क्षणात आत घ्यायचा, एका जागी साठू न देता लांबवर पसरवायचा आणि अंगाचा भार पडला तरी धरून ठेवायचा, ही तीन कामे गाभ्याला एकाच वेळी करावी लागतात आणि ती एकमेकांच्या मुळावर उठतात. झटकन आत घ्यायला मोठ्या पोकळ्या लागतात, तर लांब पसरवायला बारीक. घट्ट धरून ठेवणारा पदार्थ पुढे काहीच सोडत नाही. या ओढाताणीतून काढलेल्या तडजोडी म्हणजेच या तंत्राचा इतिहास. माझ्या मते डायपरच्या बाबतीत हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला आहे. पॅडच्या बाबतीत तो अर्धवट सुटला आहे. आणि वापरून झाल्यावर या गाभ्याचे काय करायचे, हे चौथे काम तर फार उशिरापर्यंत कोणाच्या आराखड्यात आलेच नाही.

गंमत वाटावी अशी बाब ही, की गाभ्याची सुरुवात रक्तापासून झाली. पहिल्या महायुद्धात कापसाचा तुटवडा पडला, तेव्हा अमेरिकेच्या किंबर्ली-क्लार्क कंपनीने लाकडाच्या लगद्यापासून केलेले 'सेल्युकॉटन' जखमांच्या ड्रेसिंगसाठी पुरवले. परिचारिका ते पाळीतही वापरू लागल्या आणि १९२० मध्ये त्यातूनच कोटेक्स पॅड बाजारात आले. डायपरचा गाभा नंतरचा. दुसऱ्या महायुद्धात, पुन्हा कापसाच्याच टंचाईत, स्वीडनच्या पाउलिस्ट्रॉम कारखान्याने सेल्युलोजच्या थरांचे पॅड केले. अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन यांनी लंगोटावर घालायच्या जलरोधक आवरणाचे पेटंट १९५१ मध्ये मिळवले. प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या व्हिक्टर मिल्स यांच्या हाताखाली पॅम्पर्स तयार झाले आणि १९६१ मध्ये इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावी ते पहिल्यांदा विकून पाहिले गेले. त्यांच्या गाभ्यात कागदी वॅडिंगचे थर होते. ते थर भिजायचे, पण दाबले की भिजलेले परत द्यायचे.

त्याच पिओरियात अमेरिकी कृषिखात्याची प्रयोगशाळा होती आणि मक्याच्या स्टार्चला नवे उपयोग शोधणे हे तिचे काम होते. तिथल्या शास्त्रज्ञांनी स्टार्चवर अॅक्रिलोनायट्राइलच्या साखळ्या जोडल्या, अल्कलीने त्यावर प्रक्रिया केली आणि स्वतःच्या वजनाच्या कित्येक शेपट पाणी पिणारा पदार्थ मिळवला. १९७० च्या दशकात तो 'सुपर स्लर्पर' या नावाने गाजला. त्याचा विचार झाला तो बियाण्याला लेप देण्यासाठी आणि जमिनीत ओल टिकवण्यासाठी. त्याआधी १९६० च्या दशकातच जॉन्सन अँड जॉन्सन आणि डाऊ या कंपन्यांच्या संशोधकांनी अशाच पदार्थांची पेटंटे नोंदवली होती. प्रत्यक्ष गाभ्यात सॅप आणण्याचे श्रेय जपानचे. १९७८ च्या सुमारास ते तिथल्या सॅनिटरी पॅडमध्ये आले, पुढच्या काही वर्षांत बाळांच्या डायपरमध्ये, आणि १९८६ मध्ये अमेरिकेत पॅम्पर्सचा पातळ अवतार बाजारात उतरला.

सॅपच्या पोटात काय घडते ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढची सगळी रचना त्याभोवती फिरते. पॉलिअॅक्रिलेटच्या लांब साखळ्या अधूनमधून एकमेकींना बांधलेल्या असतात. साखळीवर ऋण भाराचे गट असतात आणि त्यांच्या जोडीला सुटे सोडियम आयन. पाणी आले की साखळ्यांवरचे सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, आतल्या सोडियममुळे बाहेरचे पाणी आत ओढले जाते आणि दाणा फुगतो. बांधण्या असल्याने तो विरघळून जात नाही. पाण्यातच मीठ असेल तर आत-बाहेरचा फरक कमी होतो आणि ओढ मंदावते. त्यामुळे जो दाणा शुद्ध पाणी वजनाच्या कित्येक शेपट पितो, तोच ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात पन्नास-साठ पटींवर थांबतो. तो फिरवून वरवरचे पाणी काढून टाकले की तीस-पस्तीस पट उरते. शरीराच्या भाराएवढा दाब ठेवून मोजले तर त्याहूनही कमी. पेल्यात पाणी ओतून दाखवलेला चमत्कार म्हणूनच ग्राहकाला फारसे काही सांगत नाही. खरी कसोटी मिठाच्या पाण्यात आणि दाबाखाली लागते. हा दाब प्रयोगशाळेत साधारण प्रति चौरस सेंटिमीटर २० ते ५० ग्रॅम धरतात. निजलेले आणि बसलेले बाळ या दोन टोकांच्या मधला हा पल्ला आहे.

पहिल्या पिढीच्या सॅपने एक अडचण लवकरच दाखवली. साबुदाण्यावर एकदम गरम पाणी ओतले तर बाहेरचे दाणे चिकटून गोळा होतो आणि आतले कोरडेच राहतात. गाभ्यातही तसेच होऊ लागले. लघवी जिथे पडते तिथले दाणे आधी फुगायचे, मऊ असल्याने एकमेकांत दबायचे आणि मधल्या वाटा बुजवायचे. मागचा अर्धा गाभा कोरडा असतानाच पुढून गळती सुरू व्हायची. याला 'जेल ब्लॉकिंग' म्हणतात. त्यावरचा उपाय मला या सगळ्या क्षेत्रातली सर्वांत सुंदर युक्ती वाटतो: दाण्याचा आतला भाग सैल ठेवायचा, पण पृष्ठभागावर जास्त बांधण्या घालून कडक कवच तयार करायचे. असा दाणा थोडे कमी पितो, पण दाबाखाली आकार टिकवतो आणि दोन दाण्यांमधून द्रव पुढे जाऊ देतो. महत्तम शोषण सोडून देऊन वाहतुकीची वाट राखण्याचा हा निर्णय होता आणि आधुनिक डायपर त्यावर उभा आहे.

फ्लफचे काम त्या वाटा करून देण्याचे. तो येतो मुख्यतः अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या पाइनच्या लाकडापासून. तिथल्या पाइनचे तंतू अडीच-तीन मिलिमीटर लांब आणि जाड भिंतींचे असतात. रोलमध्ये आलेली पल्पची शीट हॅमर मिलमध्ये फोडतात, हवेच्या झोतात तिचे तंतू सुटे करतात, त्याच झोतात सॅपचे दाणे सोडतात आणि खाली साच्यावर हे मिश्रण खेचून बसवतात. मशीन मिनिटाला शेकडो डायपर काढत असते. या वेगात दाणे सगळीकडे सारखे पडणे, किंवा हवे तिथे मुद्दाम जास्त पडणे, यावर गाभ्याचे निम्मे यश ठरते. फ्लफची उणीव अशी, की भिजल्यावर सेल्युलोजचा ताठपणा जातो आणि पोकळ्या मिटतात. दुसऱ्यांदा शू झाली की ती आत जायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

हा वेळ महत्त्वाचा, कारण बाळाची लघवी काही सेकंदांत येते आणि सॅपला फुगायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. मधल्या काळात द्रव ठेवायचा कुठे? त्यासाठी टॉपशीटच्या खाली एक वेगळा थर आला. द्रव पकडून पसरवणारा हा थर धंद्यात 'एडीएल' म्हणून ओळखला जातो. तो पॉलिएस्टरसारख्या न भिजणाऱ्या तंतूंचा करतात किंवा रासायनिक बांधण्या घालून कुरळ्या केलेल्या सेल्युलोजचा. ओला झाला तरी त्याची फुगीर रचना बसत नाही. तो द्रव क्षणभर सांभाळतो, पुढे-मागे नेतो आणि मग गाभा त्याच्याकडून हळूहळू ओढून घेतो. स्वस्त आणि चांगल्या डायपरमधला फरक बहुधा सॅपच्या ग्रॅमपेक्षा या थरात जास्त असतो, असे माझे ठाम मत आहे.

पातळपणाच्या दिशेने झालेला प्रवास थोडक्यात सांगता येतो. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात युरोपातला सरासरी डायपर सुमारे ६५ ग्रॅमचा होता. पंचवीसेक वर्षांत तो ४० ग्रॅमच्या खाली आला. फ्लफ कमी होत गेला, सॅप वाढत गेले. काही गाभ्यांतून फ्लफ हद्दपारच झाला आणि नुसते सॅप न विणलेल्या कापडाच्या (नॉनवोवन) दोन थरांत गोंदाने बसवले गेले. २०१० मध्ये अमेरिकेत अशाच पातळ गाभ्याच्या पॅम्पर्सवर पुरळ येत असल्याच्या तक्रारी झाल्या. अमेरिका आणि कॅनडातल्या सरकारी यंत्रणांनी तपास केला आणि गाभ्याचा पुरळाशी संबंध आढळला नाही. एकंदरीत सॅपने बाळाच्या त्वचेचे भले केले, हे मान्य करायला हवे. त्वचा कोरडी राहते, लघवी आणि शी कमी मिसळते, आणि दाण्यांत उरलेले आम्लगट अमोनियाचा प्रभाव काहीसा रोखतात. अलीकडच्या गाभ्यांत लांब रिकाम्या पन्हळी सोडतात. दाणे फुगले की मधली पन्हळ वाहती राहते आणि ओला डायपर लोंबत नाही.

मोठ्यांच्या डायपरचा प्रश्न तसाच, फक्त आकडे मोठे. एका वेळची लघवी तीन-चारशे मिलिलिटर असू शकते आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा भार तासन् तास एकाच जागी असतो. तिथे पुरळापेक्षा दाबव्रणाची भीती जास्त. घरोघरी म्हातारी माणसे सांभाळणाऱ्या आपल्या समाजात या विषयावर जेवढे बोलले जाते, त्याहून कितीतरी जास्त बोलायला हवे.

आता पॅडकडे येऊ. पाळीतला स्राव म्हणजे मिठाचे पाणी नव्हे. त्यात साधारण निम्मे रक्त, बाकी श्लेष्म, प्रथिने, गर्भाशयाच्या अस्तराचे तुकडे. लाल पेशी सहा ते आठ मायक्रॉनच्या असतात आणि त्या जेलच्या जाळीत शिरूच शकत नाहीत. दाण्याला पिता येते ते रक्तातले पाणी. पेशी आणि प्रथिने बाहेर साचतात, दाण्याभोवती लेप बसतो आणि पुढचे शोषण रोडावते. म्हणून लघवीसाठी उत्तम असलेले सॅप रक्तासाठी सामान्य ठरते. स्रावाची चालही वेगळी आहे. पूर्ण पाळीत जाणारे रक्त सरासरी ३० ते ४० मिलिलिटर, ८० च्या वर गेले तर वैद्यकात ते अतिस्राव समजतात. हा स्राव तासन् तास थोडा थोडा येतो आणि बसलेली बाई उठली की एकदम लोट येतो. पॅड अरुंद, मांड्यांमध्ये चुरगळणारा, आणि गळती बहुधा कडेने. थेंब थेंब घट्ट द्रव वर साचू न देता आत ओढणे आणि लोट आला तर कडेला जाण्याआधी लांबीत पसरवणे, ही पॅडच्या गाभ्याची खरी परीक्षा.

आता आपण तपासतो कसे ते पाहा. भारताचे १९८० चे मानक आयएस ५४०५ सांगायचे, की पॅडच्या मध्यावर मिनिटाला १५ मिलिलिटर वेगाने ३० मिलिलिटर द्रव सोडा आणि तो खाली किंवा कडेला दिसता कामा नये. द्रव म्हणून मेंढीचे किंवा बकरीचे प्रक्रिया केलेले रक्त चालायचे, तसेच रंगीत पाणीही चालायचे. म्हणजे कित्येक तासांचा स्राव दोन मिनिटांत, आणि तोही हवा तर पाण्याच्या रूपात. २०१९ मध्ये हे मानक सुधारले गेले. पण जगभरच पॅडचा विकास दीर्घकाळ मिठाच्या पाण्यावर आणि निळ्या द्रवावर झाला. २०२३ मध्ये ओरेगॉनमधल्या संशोधकांनी रक्तपेढीतल्या मुदत संपलेल्या लाल पेशी घेऊन २१ पाळी-उत्पादने तपासली आणि बीएमजेच्या प्रजनन-आरोग्य नियतकालिकात निष्कर्ष छापले. मानवी रक्तावर अशी तुलना त्याआधी झालीच नव्हती. मेन्स्ट्रुअल डिस्कमध्ये सरासरी ६१ मिलिलिटर मावले, तर पाळीसाठीच्या खास अंतर्वस्त्रांत जेमतेम दोन. बहुतेक उत्पादनांची क्षमता उत्पादकांनी सांगितलेल्या आकड्यापेक्षा कमी भरली. या प्रयोगातल्या पेशींत श्लेष्म आणि अस्तर नव्हते ही मर्यादा आहे, पण पाण्यावरच्या चाचणीच्या तुलनेत हा प्रयोग कितीतरी पुढे आहे.

याचा परिणाम डागांपुरता थांबत नाही. 'अंगावरून जास्त जातंय' असे सांगणाऱ्या बाईला डॉक्टर विचारतात, दिवसाला किती पॅड लागतात? त्या उत्तरावरून अतिस्रावाचा अंदाज बांधला जातो. एका पॅडमध्ये खरे रक्त किती मावते हे कोणालाच माहीत नसेल, तर तो अंदाज कशाच्या आधारावर? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. अशा देशात पॅडचा गाभा निदानाचे साधनही असतो. हे वास्तव मला अस्वस्थ करते, कारण ते सुधारायला कोणता मोठा शोध लागायला नको.

जास्तीत जास्त शोषणाच्या मागे लागण्याची सर्वांत कठोर शिक्षा टॅम्पॉनने दिली. प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या 'रिलाय' टॅम्पॉनमध्ये पॉलिएस्टर फोमचे तुकडे आणि कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज होते आणि तो फार वेळ टिकायचा. १९८० मध्ये टॉक्सिक शॉक सिंड्रोम या आजाराच्या रुग्णांत टॅम्पॉन वापरणाऱ्या तरुण स्त्रिया मोठ्या संख्येने दिसल्या, काही दगावल्या, आणि त्या सप्टेंबरमध्ये रिलाय बाजारातून काढले गेले. अतिशोषक टॅम्पॉन शरीरात दीर्घकाळ राहिला की स्टॅफिलोकॉकस जीवाणूला विष तयार करायला अनुकूल स्थिती मिळते, हे पुढच्या अभ्यासांनी दाखवले. त्यानंतर अमेरिकेत टॅम्पॉनवर शोषणाची श्रेणी छापणे सक्तीचे झाले. पॅड शरीराबाहेर राहत असल्याने हा धोका त्याला तसा लागू नाही. पण त्याच कारणाने पॅडवर आकडा छापायची सक्ती कोणी केली नाही.

पॅडच्या गाभ्यात काही चांगले प्रयोग झाले आहेत. छिद्रांच्या फिल्मची टॉपशीट घट्ट द्रवाला लवकर आत घेते. २००८ च्या सुमारास फ्लफऐवजी अतिसूक्ष्म पोकळ्यांच्या फोमचा गाभा आला. त्यात पोकळीचा आकार द्रवाच्या घट्टपणाप्रमाणे ठरवता येतो, आणि मला ही दिशा बरोबर वाटते. सॅप थोडे, तेही खालच्या थरात, आणि वर पेशींना वाट देणारी रचना, असा क्रम रक्ताला मानवतो.

आपल्याकडे गाभ्याची गोष्ट कोइमतूरच्या अरुणाचलम मुरुगनंतम यांच्याशिवाय पुरी होत नाही. त्यांनी कापूस भरून केलेले पॅड निकामी ठरत राहिले, कारण कापूस भिजतो पण दाबाखाली सोडून देतो. कंपन्यांचा गाभा पाइनच्या सेल्युलोजचा असतो हे कळल्यावर त्यांनी पल्पची शीट फोडणारे, गाभा दाबणारे छोटे यंत्र केले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या यंत्राने बचत गटांच्या हाती उत्पादन दिले, ही मोठी गोष्ट. पण पल्प आयातच राहिला. केळीच्या खोडाच्या तंतूंचे पॅड अहमदाबादेत बनतात. जळगाव जिल्ह्यात घड उतरवल्यावर टाकून दिलेल्या खोडांचे ढीग पाहता हा विचार आपल्याकडेही व्हावा. स्टॅनफर्डच्या गटाने २०२३ मध्ये सिसालच्या, म्हणजे आपल्या बांधांवरच्या घायपाताच्या, तंतूंतून लिग्निन काढून पॅडमधल्या कापसापेक्षा जास्त शोषणारा पदार्थ दाखवला, आणि त्याची प्रक्रिया लहान प्रमाणावर करता येते. माळरानावरच्या तालुक्यांत हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. त्यासाठी कृषी विद्यापीठ आणि वस्त्र-तंत्र संस्था यांनी एकत्र बसायला हवे.

आणि मग चौथे काम. सॅपची कार्बनची साखळी जमिनीत सहजी कुजत नाही. तिच्याबरोबर पॉलिप्रोपिलीन, पॉलिथिलीन आणि गोंद असतो. ओला गाभा जळायलाही कठीण. वैद्यकीय कचऱ्याच्या भट्टीत पहिल्या कक्षात ८०० आणि दुसऱ्या कक्षात १०५० अंश सेल्सिअस तापमान अपेक्षित असते. शाळा-वसतिगृहांतली विजेची छोटी यंत्रे त्या तापमानाजवळ फिरकत नाहीत आणि धूर तिथल्याच मुलींच्या नाकात जातो. उरलेला भार कचरावेचकांच्या हातांवर. पुण्यातल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या आणि स्वच्छ संस्थेच्या बायांनी वापरलेली पॅड गोळा करून कंपन्यांकडे परत पाठवली होती. पाकिटावर लाल ठिपका काढून हा कचरा वेगळा द्या, ही मोहीमही तिथेच उभी राहिली. २०१६ च्या घनकचरा नियमांनी उत्पादकांवर गुंडाळायची पिशवी देण्याची जबाबदारी टाकली, पण ती आजही प्रत्येक पाकिटात सापडत नाही.

पुनर्वापर अशक्य नाही. इटलीत त्रेव्हिझोजवळ आणि जपानमध्ये कागोशिमात डायपरमधून प्लास्टिक, सेल्युलोज आणि सॅप वेगळे काढून दाखवले गेले आहेत. पुण्याच्या पॅडकेअर लॅब्सने पॅडसाठी अशी प्रक्रिया उभी केली आहे. कॅल्शियमच्या क्षारांनी फुगलेले सॅप पाणी सोडून आकसते, हे रसायनशास्त्र तर जुनेच. अडचण गाभ्याच्या रचनेत आहे. दाणे, तंतू आणि गोंद एकजीव केलेला गाभा सोडवायचा खर्च त्यातून मिळणाऱ्या मालापेक्षा जास्त होतो. सॅपचा थर वेगळा ठेवणारा, कमी गोंदाचा गाभा आखता येतो. तसा आखायला उत्पादकाला कारण मिळाले पाहिजे, आणि ते कारण नियमच देऊ शकतात.

भारतीय मानक ब्युरोने पॅडची चाचणी रक्तासारख्या घट्ट द्रवावर, खऱ्या गतीने आणि दाबाखाली सक्तीची करावी, पाकिटावर शोषण मिलिलिटरमध्ये छापायला लावावे, आणि गाभा सुटा होतो की नाही याची अटही त्यात घालावी. ग्राहक पंचायती आणि स्त्री-आरोग्यावर काम करणाऱ्या संघटनांनी हा विषय लावून धरावा. आणि घरी प्रत्येकाने एवढे करावे: वापरलेला डायपर किंवा पॅड कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, ओल्या-सुक्या कचऱ्यापासून वेगळा द्या. संडासात टाकू नका. गाभा नळीत गेल्यावरही फुगतो, आणि ती तुंबलेली नळी मोकळी करायला माणूसच उतरतो.